जेवण : नेहमीचे

४ ऑक्टोबर १९६०, मंगळवार

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझे आयुष्य बदलले. वेळ मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारले तर अंदाजे सांगायची पाळी नको!

मामाच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली चार बोटांवर, सुई टोचली होती. सुईच्या बुडाला तांब्याची तार. तार विजेच्या घंटीच्या कॉइलला, कॉइल रेडिओच्या कोरड्या बॅटरीला. दुसरी तार मनगटाजवळच्या दुसऱ्या सुईला. बटण दाबले. घंटीची पट्टी गुणगुणायला लागली. मामा म्हणाला, "मुंग्यो येतत रे! बऱ्यो मुंग्यो!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत सुईभोवतीची कातडी लाल झाली. नुसती सुईपाशी नाही. वर्तुळ! हळूहळू पसरत गेलेले, मध्ये पांढुरका फुगवटा. चटका बसला असता तर सुईपुरता बसला असता. हे लाल सुईपासून बोटभर लांब गेले. तिथे सुई नाही, तार नाही. मग तिथल्या कातडीला कोणी सांगितले?

कोणीतरी सांगितले. काहीतरी निघाले आणि गेले. ते काय, हे मी शोधणार.

५ ऑक्टोबर

रात्रभर झोप नाही. आज नीट लिहितो.

सुया मामाच्या. तुकाराममामा बावीस वर्षे बोटीवर होता. हाँगकाँगला त्याचा गुडघा धरला तेव्हा एका चिनी वैद्याने सुया टोचून त्याला चालता केला. येताना मामा सुयांची एक डबी घेऊनच आला. गुडघा दुखला की स्वतःच टोचून घेतो. आई म्हणते, माझो भाव खुळो. पण वीज जोडायची कल्पना माझी. कॉलेजात कॉइलने मेलेल्या बेडकाचा पाय उडवायचे, ते मी विसरलो नव्हतो.

"मेलेलो बेडूक आणि जितो मामा. इतकोच फरक मां?" मामाने विचारले. हसत होता, पण हात काढून घेतला नाही. असा माणूस मालवणात दुसरा नाही.

कॉलेजबद्दल एकदाच लिहितो आणि संपवतो. बी. एस्सी.च्या मधल्या वर्षात, जानेवारीत, कोल्हापूरला प्रयोगशाळेत एक डेमॉन्स्ट्रेटर सगळ्यांसमोर म्हणाला, "ही कोकणातली मुले इथे येतात कशाला? मासे मोजायला शिकायला?" मी परीक्षानळ्यांचा स्टँड उचलला आणि त्याच्या पायाशी फोडला. बाहेर पडताना दार असे आपटले की काच गेली. पश्चात्ताप? नाही! बाबा म्हणाले, "माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नको." म्हणून दांडीच्या किनाऱ्यावर मामाच्या घरात, पुढच्या खोलीत राहतो.

पण एक व्याख्यान डोक्यात राहिले आहे. कातडी नखाने ओरखडली की तीन गोष्टी होतात. लाल रेघ, मग आजूबाजूला लाली, मग फुगवटा. कातडीत हिस्टामिन नावाचे रसायन साठवलेले असते. दुखापत झाली की ते सुटते. जवळच्या मज्जातंतूंना बातमी लागते, ते ती पुढे नेतात आणि पुढच्या रक्तवाहिन्या रुंद होतात. म्हणजे आपली कातडी ही नुसती पिशवी नव्हे. टपाल कचेरी आहे! आणि मी सुई आणि वीज लावून तिच्या पेटीत पत्र टाकतो.

९ ऑक्टोबर, रविवार

सुगंधा खोलीत आली. पहिल्यांदा!

(पान जरा थांब. श्वास घेतो.)

एकटी नाही. बापाला घेऊन. सत्यवानकाका म्हणजे दांडीच्या रापणीचा तांडेल, म्होरक्या. रापणीचे जाळे होडीने समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून अख्खी वाडी ते किनाऱ्यावर ओढते. पहिली दोरी तांडेलाची. आणि भाद्रपदापासून काकांचा उजवा खांदा धरलाय, बोटे बधिर. दोरी सुटते. तांडेल किनाऱ्यावर नुसता उभा राहून ओरडतो.

"तुकारामाचो गुडघो सुयेन चलता," काका म्हणाले. "माजो हात चलात?"

"चलात," मी म्हणालो. शंका नाही, चाचरणे नाही.

सुगंधा दारात उभी होती. सातवीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आली, आणि आता आईच्या टोपलीमागून घरोघर मासे घेऊन जाते. मी कोल्हापूरहून आल्यापासून रोज सकाळी तिची हाक ऐकून उठतो. ती मला म्हणाली, "कालेजवाल्या, बापाशीक माज्या भाजशीत तर बग हां."

एवढेच बोलली. पण "कालेजवाल्या" म्हणताना हसली. नक्की हसली.

आणि मी काय केले? सुई बाहेर काढता काढता काकांना सरळ विचारले. बाप समोर, मुलगी दारात, मामा खोकतोय! म्हणालो, हात बरा झाला तर सुगंधेसाठी माझे नाव विचारात घ्याल का?

काकांनी सदरा खांद्यावर ओढला. मग म्हणाले, "कालेज सोडलंस. बापाशीन घराभायर काडल्यान. लोकांका सांगूक माका कायतरी व्हया मां, झिला? माजो हात दोरयेर परत हाड. मगे बोल." म्हणजे हात दोरीवर परत आणायचा, मग बोलणी!

१० ऑक्टोबर

मामा म्हणतो, "तुजी अक्कल बॅटरयेर चलता." चालू दे!

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

वही सुरू केली. जाड पुठ्ठ्याची, मोठी. प्रत्येक पानावर रकाने आखले: तारीख, नाव, सुई कुठे, प्रवाह (चालू की बंद), किती मिनिटे, वर्तुळ (मिलिमीटर), हवा, जेवण. दर वेळी सुई स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. लालीच्या कडेला पेन्सिलने रेघ मारायची आणि कंपासने मोजायची. एका हातावर प्रवाह चालू, दुसऱ्यावर नुसती सुई. डोळ्यांत तेल घालून करतोय. तो डेमॉन्स्ट्रेटर येऊन बघू दे!

मामा, सत्यवानकाका आणि काकांच्या रापणीतले तिघे. पाच माणसे, शिवाय मी.

शेवटच्या रकान्यात लिहायला फारसे काही नसते. विचारले की सगळे एकच सांगतात, "काय ता, नेहमीचाच." मीही तेच लिहितो. जेवण: नेहमीचे.

काकांना टोचल्यावर खांद्यापर्यंत ऊब जाते म्हणे. बोटे काल थोडी वळली.

२१ ऑक्टोबर, पाडवा

आज मोठे काम झाले. कंपाउंडरकडून पित्ताची गोळी आणली. अंगावर पित्त उठते तेव्हा घेतात ती. ही गोळी हिस्टामिनला अडवते. स्वतः घेतली, तासाभराने स्वतःच्याच हातावर सुई आणि प्रवाह.

वर्तुळ जवळजवळ नाहीच!

म्हणजे पत्र कोण लिहिते ते कळले. हिस्टामिन! मी उड्या मारायला हव्या होत्या. पण गोळीने अशी गुंगी आली की बाकावरच आडवा झालो. जाग आली तेव्हा हातात सुई तशीच, तोंडातून लाळ, आणि सुगंधा फराळाचे ताट घेऊन समोर उभी.

"ह्यां संशोधन?" तिने विचारले.

लाजेने मेलो. पण तिने ताटावरचे फडके काढले, एक करंजी माझ्या न टोचलेल्या हातात दिली आणि वही उलटून वाचत बसली. पाऊण तास! मग म्हणाली, "अक्षर बरां आसा. पण सगळ्यांचा जेवाण एकच कसा?"

मी म्हणालो, मालवणात आणखी काय असणार? तिने त्या रकान्यावरून बोट फिरवले.

मला काय, ती पाऊण तास बसली यातच दिवाळी झाली.

२४ ऑक्टोबर

वर्तुळे एकसारखी येत नाहीत, हे कबूल करतो. मामाचे परवा नव्या पैशाएवढे, काल बशीएवढे. सुई तीच, जागा तीच. बॅटरी कमीजास्त होत असणार. किंवा हवेतला दमटपणा. किरकोळ गोष्ट आहे. मुख्य गोष्ट पक्की आहे.

वालावलीच्या डॉ. गुरुदास नेरुरकरांना पत्र टाकले. मुंबईत वैद्यकीय कॉलेजात तीस वर्षे शिकवून ते आता गावी राहतात. चार पाने लिहिली. शेवटी लिहिले, "आपण स्वतः येऊन पाहावे. मी पाच माणसांवर एकाच वेळी सिद्ध करून दाखवीन."

१ नोव्हेंबर

पोस्टकार्ड आले! तीन ओळी. "६ तारखेस रविवारी दुपारी तीनला येतो. वही तयार ठेवावी. मी कोणाचेही लगेच कौतुक करीत नाही."

ते करतील.

५ नोव्हेंबर, शनिवार

असा बांगडा दहा वर्षांत लागला नव्हता म्हणतात. सकाळी जाळे ओढायला वाडीतली पोरेसोरे, म्हाताऱ्या, बाजारातले लोक, सगळे. मीही दोरी धरली. हात सोलून निघाले. जाळे वाळूवर आले तेव्हा सबंध किनारा निळा-हिरवा चमकत होता. सत्यवानकाका बाजूला उभे राहून डाव्या हाताने दिशा दाखवत होते. उजवा हात कमरेवर. सुगंधा त्या हाताकडे बघत होती, मी सुगंधेकडे.

टोपल्या पुरेनात, मीठ पुरेना. मिठाची गाडी कसालला मोडून पडलीय. दुपारपर्यंत ढीग तसेच उन्हात. लोक वाटे घेऊन घरी जात होते, तरी ढीग संपेनात.

मी लवकर परतलो. उद्याच्या पाच बॅटऱ्या तपासायच्या आहेत.

६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी पावणेचार

घाईत लिहितो. डॉक्टर आत बसून मोजताहेत. जिंकलो!!

हौसाकाकीने, म्हणजे सुगंधेच्या आईने, सगळ्यांना दुपारी घरी जेवायला बोलावले होते. बांगड्याचे तिखले, तिरफळाचा मसाला घातलेले. डॉक्टर वालावलीहून जेवून निघाले होते. माझे सगळे लक्ष बॅटऱ्यांत. पानावर नुसता बसलो आणि उठलो. मामा म्हणाला, "हौसाक्का, आज तिरफळां लय पडली गो, जीभ चुरचुरता." काकी म्हणाली, "नेहमीचीच घातलंय."

तीन वाजता पाचही जण बाकावर ओळीने. मी स्वतःलाही सुई लावली, सहावा म्हणून. बटणे दाबली. दहा मिनिटांत काय झाले? वर्तुळ नाही, हातच्या हात लाल! मामाचा दंड लाल, मान लाल, चेहरा लाल. काकांचे कान पेटल्यासारखे. पाचही जण! कातडीने सबंध शरीराला पत्र धाडले! माझ्या हातावर मात्र नेहमीएवढेच वर्तुळ. माझी बॅटरी जुनी आहे, दुसरे काय.

सुगंधा खिडकीशी आहे. आज बघू दे तिला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

कसे लिहू?

मी आत गेलो तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते. छाती धडधडतेय म्हणाले. डोके फुटतेय. मग ओकले. मग मामा ओकला. बाकीचे तिघे अंग खाजवत सुटले. दारात गर्दी जमली. कोणीतरी ओरडले, "विजेन मारल्यान रे तांडेलाक!" आणि एका धक्क्यात माझी कॉइल अंगणात. माझी गळपट्टी कोणाच्या तरी मुठीत. मीही मूठ वळली. खोटे कशाला लिहू, मी पहिला ठोसा मारणार होतो. पण मनात एकच चाललेले. काका मेले तर? माझ्या हाताने?

तेवढ्यात सुगंधा खिडकीतून ओरडली, "खंयची वीज? रविकांताकडे बगा! तेच्या हाताक पण सुई आसा. तो खंय लाल झालो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही माझ्याच हाताकडे.

"तो जेवक नाय," ती म्हणाली. "ही पाच जणां जेवली. हो कालचो बांगडो. दोन म्हयन्यांमागे आत्तेक अश्शाच झाला होता."

हौसाकाकी मागे उभी होती. तिचा चेहरा! "माज्या हाताक नाव ठेवतंस गो? सगळ्या वाडयेसमोर?"

"तुज्या हाताक नाय गे आये. उन्हाक."

डॉक्टर काकांची नाडी धरून बसले होते. त्यांनी पिशवीतून पित्ताच्या गोळ्या काढल्या. तीच गोळी, जिने मला झोपवले होते! सगळ्यांना दिली. दोन तासांत लाली उतरली. काका आता झोपलेत. श्वास नीट आहे. मी तीनदा जाऊन ऐकून आलो.

७ नोव्हेंबर

काका बरे आहेत. पहिली ओळ हीच लिहायची होती.

डॉक्टर रात्री मामाकडेच राहिले. सकाळी ओटीवर बसून वही वाचली, पहिल्या पानापासून. मग विचारले, "जेवण: नेहमीचे. नेहमीचे म्हणजे काय?"

मी म्हणालो, नेहमीचे म्हणजे... भात, मासे.

"कुठले मासे? ताजे की सुके? सकाळचे की आदल्या दिवशीचे?"

मी त्या रकान्याकडे बघितले.

"अरे, बांगडा उन्हात पडून राहिला की त्याच्या मांसात काय तयार होते? हिस्टामिन! शिजवून जात नाही. जीभ चुरचुरते, ती तिरफळाने नव्हे. तू कातडीतून जे सोडवायला बघतोस, तेच ह्यांनी वाटीभर पोटात घातले आणि तुझ्या बाकावर येऊन बसले."

मी म्हणालो, म्हणजे माझे वर्तुळ खोटे?

"तसे कोण म्हणाले? कालचे तुझे नव्हते, एवढेच. बाकीची कुठली तुझी नि कुठली बांगड्याची, ते ही वही सांगत नाही. तू हवा लिहिलीस, मिनिटे लिहिलीस, स्पिरिट लिहिलेस. आणि माणसाच्या पोटात काय आहे, ते लिहिले नाहीस. मालवणातला माणूस मासे कसले खाल्ले हे लिहीत नाही, कारण तो श्वास घेतला असे तरी कुठे लिहितो!"

हसले. मला हसू आले नाही.

जाताना म्हणाले, "आठ दिवस मासे बंद करून परत मोज. आणि उरलेला तो बांगडा आधी माडांच्या आळ्यांत पुरायला लाव." दुपारी रापणीच्या लोकांनी पुरला. हौसाकाकी स्वतः टोपल्या रिकाम्या करत होती. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

वही मी भिंतीवर भिरकावली. पाने सुटली. पडू दे तिथेच.

९ नोव्हेंबर

पण हिस्टामिनच! बांगड्यानेही तेच सांगितले, गोळीनेही तेच सांगितले. मी चुकलो नव्हतो. अर्धवट होतो. यात फरक आहे.

मासे बंद. कार्तिकात, मालवणात, बांगड्याच्या दिवसांत! सत्यवानकाकांना विचारले तर म्हणाले, "परत सुई? हाड." आण म्हणाले! घाबरला नाही तो माणूस. मामा मात्र, "आठ दीस डाळ? बोटीर खलाशांनी अशान दंगो केल्यानी असतो!" पण पाळतोय.

वही खोलीत नाही. कोणी केरात टाकली असेल. बरे झाले. नवी केली.

१६ नोव्हेंबर, बुधवार

आठ दिवस डाळ, भात, सोलकढी. आठवा दिवस.

प्रवाह चालू: १८, १७, १८, १९ मिलिमीटर. प्रवाह बंद, नुसती सुई: ८, ७, ८, ८. गोळी घेऊन, प्रवाह चालू: ५.

बशी नाही. कान पेटणे नाही. जेमतेम नव्या पैशाएवढे वर्तुळ. पण रोज तेच! मामाच्या हातावर तेच, काकांच्या हातावर तेच, माझ्या हातावर तेच. लहान आहे आणि माझे आहे. विजेने कातडी जास्त बोलते, नुसत्या सुईने कमी, आणि तोंड बंद करणारी गोळी दिली तर जवळजवळ गप्प. आठ दिवसांतली आठ पाने, त्या जुन्या चाळीस पानांहून जड आहेत.

डॉक्टरांना पाठवली. या वेळी पत्र अर्धे पान.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

काकांनी आज दोरी धरली. उजव्या हाताने, पहिली दोरी!

सबंध वाडी बघत होती. जाळे आले, बेताचेच आले, पण आले. काकांनी मूठ उघडून मला दाखवली. दोरीचे वळ उमटलेले. मला आपल्या घरी घेऊन गेले. ओटीवर रापणीतले सातआठ जण, हौसाकाकी उंबऱ्यात, सुगंधा तिच्यामागे.

काका म्हणाले, "झिला, शब्द म्हणजे शब्द. लोकांका सांगूक व्हया म्हटलंय मां? आता सगळ्यांसमोर सांग. ह्यो हात तुज्या सुयेन बरो झालो. व्हय म्हण. बाकीचा मिया बघतंय."

एक शब्द! "होय" एवढाच शब्द! दीड महिना ह्याच शब्दासाठी जगलो.

तोंड उघडले होते मी. तेवढ्यात हौसाकाकी, अजून रागात, पुटपुटली, "आणि मिया रोज रात्री शेक दियत होतंय ता?"

मी विचारले, कसला शेक?

"गरम कोंड्याचो. काय ता, नेहमीचोच."

नेहमीचा.

काका दोन महिने दोरीला शिवले नव्हते. रोज रात्री शेक. आणि माझी सुई. यांतल्या कोणी हात बरा केला? वर्तुळ मी मोजले आहे. खांदा मी मोजलेला नाही.

मी म्हणालो, "काका, सुईने कातडीत काय होते ते मी सांगू शकतो. हात सुईने बरा झाला की शेकाने की विश्रांतीने, ते मला माहीत नाही."

ओटीवर कोणीतरी फिसकन हसले. काकांचा चेहरा लाल झाला, आणि आज बांगडा नव्हता.

"मगे दीड म्हयनो माजो हात कित्याक टोचलंस?"

"ते कळायला."

"मगे कळल्यार ये!" म्हणाले आणि आत गेले. सुगंधाही वळली आणि गेली.

मामा वाटेत म्हणाला, "एक व्हय म्हणूक तुजा काय जाय होता रे मेल्या?" मग घर आल्यावर, "चिनी वैद्य पण असोच होतो. पैसे घेतल्यान नाय. वैद्यच म्हणालो, गुडघो आपसूक पण बरो झालो असतो."

२३ नोव्हेंबर

ती आज हाक देत गेली नाही. हौसाकाकी एकटीच.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांचे पत्र. मुंबईत त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा आहे. जूनपासून राहिलेली बी. एस्सी. पुरी करायची, ही अट. "तुझे अर्धे पान वाचले. आता कौतुक करतो. सोमवारच्या बोटीने निघ."

जातो! इथे काय ठेवलेय? त्या डेमॉन्स्ट्रेटरला बोलवून माझे १८ मिलिमीटर दाखवीन. आई लाडू देऊन गेली. बाबांनी तिच्या हाती एक जाकीट पाठवले. बोलले नाहीत, पण जाकीट नवे आहे.

२७ नोव्हेंबर

आजही हाक नाही. पाच दिवस. रागावली, हे उघड आहे. "होय" म्हटले असते तर? नाही. तिच्यासाठी मी कोणालाही मारीन, पण ते म्हणणार नाही. आणि तिला हे कळत नसेल तर... नसेल तर नसेल.

नाही, नसेल तर मी मरेन. हे इथे लिहितो, दुसरीकडे नाही.

२८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ

ट्रंक बांधली. बोटीचा भोंगा तासाभरात.

मामा आताच आत आला आणि पुठ्ठ्याची वही माझ्यासमोर टाकली. जुनी वही! सुटलेली पाने सुतळीने शिवलेली. "सत्यवानाच्या चेडवान दिल्यान. तीन आठवडे तिच्याकडेच होती."

उघडली. प्रत्येक ओळीत "नेहमीचे" खोडले आहे, आणि बाजूला सुगंधेच्या बारीक अक्षरात:

"तुकारामकाका: सकाळी पेज, दुपारी ताजे पेडवे. आईने दिले."
"तुकारामकाका: सुका बांगडा, आदल्या वर्षीचा."
"बाबा: मासे नाहीत, एकादशी."
"बाबा: बांगडा, सकाळचा, संध्याकाळी शिजवला."

चाळीस पाने. पाच माणसे. कोणाच्या घरी कुठल्या दिवशी कुठला मासा गेला, हे त्या मायलेकींच्या डोक्यात होते. टोपली त्यांची! जिथे वर्तुळ बशीएवढे, तिथे समोर बांगडा. जिथे नव्या पैशाएवढे, तिथे पेडव्यांसारखी ताजी बारीक मासळी नाहीतर उपास. साडेतीन आठवड्यांचे काम मेले नव्हते. तिने एकेक मासा मोजून ते जिवंत केले. आणि मी 'मासे मोजायला' या शब्दांवरून स्टँड फोडला होता!

शेवटच्या पानावर तिने स्वतः रकाने आखलेत. एकच ओळ.

तारीख: २२ पासून २८. नाव: सुगंधा. सुई कुठे: दिसत नाही. जेवण: नाही.

भोंगा झाला. मामा विचारतोय, "ट्रंक उचलू मां?"

बोट गुरुवारीही असते. वही काखेत घेतली. या दाराला काच नाही, तरी हळूच लावून घेतो आणि निघतो. बंदराकडे नाही.